दाताआधी तोंड

डेंटल कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना काय काय यायला हवे? पालकांना विचारा, पेशंटना विचारा, उत्तर ठरलेले असते. न दुखवता दात काढता यावा, किडलेली दाढ भरता यावी, रूट कॅनाल करून कॅप बसवता यावी, म्हातारपणी नीट चावता येईल अशी कवळी करून देता यावी. यादी योग्यच आहे आणि तिच्यातले एकेक काम अंगवळणी पडायला वर्षे जातात. पण आपल्याकडे दंतवैद्याकडून एक अपेक्षा या सगळ्याच्या आधी येते. भारतात 2022 या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे 1 लाख 43 हजारांहून अधिक नवे रुग्ण झाले, असा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. पुरुषांमध्ये तर हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग. आणि माणसाचे तोंड भर उजेडात, खुर्चीवर मागे रेलून, पूर्ण उघडे असे कुणासमोर येत असेल, तर ते दंतवैद्यासमोर. त्याने दुखरी दाढ तेवढी पाहिली आणि बाजूचा पांढरा चट्टा पाहिला नाही, तर तो चट्टा पुढे कित्येक महिने कुणीच पाहणार नाही.

बी.डी.एस.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि दातांची रचना. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि दातांसाठी वापरायचे पदार्थ. तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी आणि तोंडाचे विकृतिशास्त्र. शेवटच्या वर्षी हिरड्या, वाकडे दात, शस्त्रक्रिया, लहान मुलांचे दात, सार्वजनिक दंतआरोग्य अशी आठ विषयांची रांग. कागदावर हा अभ्यासक्रम भक्कम आहे. 2007 च्या नियमावलीत पदवीधराला काय यावे याची सविस्तर यादीही आहे आणि तिची विभागणी ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती अशी तिहेरी आहे.

हाताची तयारी मेणापासून सुरू होते. पहिल्या वर्षाच्या मुलीला मेणाची आयताकृती वडी, पट्टी आणि कोरणी दिली जाते आणि वरची पहिली दाढ कोरायला सांगितली जाते. आधी चारही बाजूंवर मापाच्या रेघा, मग बाह्याकार, मग उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा. सुरुवातीच्या दाढा ठोकळ्यासारख्या होतात, एखादा उंचवटा तुटून हातात येतो, कोरणी अंगठ्याला लागते. काही महिन्यांनी तिचा हात बदलतो. वरच्या दाढेवरची तिरकी कड कुठून कुठे जाते हे तिला डोळे मिटून सांगता येते, आणि पुढे खऱ्या दाढेत सिमेंट भरताना तीच कड तिच्या हातून आपसूक उभी राहते. स्कॅनर आणि मिलिंग मशीनच्या जमान्यात हे कशाला, असे हल्ली विचारले जाते. मशीनने केलेली कॅप उंच झाली आहे हे ओळखायला दाढ हातात भिनलेली असावी लागते, म्हणून कार्व्हिंग टिकले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

पुढची पायरी भूल देण्याची. खालच्या दाढेची भूल ही नव्या डॉक्टरची खरी परीक्षा. अंगठ्याने जबड्याच्या हाडाची पुढची कड चाचपायची, आतली घडी नजरेने पकडायची, विरुद्ध बाजूच्या लहान दाढांवरून सिरिंज आणायची, हाड लागले की किंचित मागे यायचे. मग दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचे आणि औषध सावकाश सोडायचे. त्यानंतर थांबायचे. पेशंटच्या खालच्या ओठाची अर्धी बाजू जड झाल्याशिवाय चिमट्याला हात लावायचा नाही. चुका होतात त्या बहुतेक या थांबण्यात होतात, कारण बाहेर रांग असते. लिग्नोकेन किती द्यायचे हे पेशंटच्या वजनावर ठरते, हा हिशेब पदवीधराला तोंडपाठ असायला हवा, विशेषतः खुर्चीत पंधरा किलोचे मूल असेल तेव्हा.

तोंड बघण्याची तपासणी मात्र इतकी साधी आहे की तिला कौशल्य मानायलाच लोक तयार नसतात. ओठ बाहेरून आणि आतून. दोन्ही गाल आरशाने ताणून, कोपऱ्यापासून मागे अक्कलदाढेपर्यंत. हिरड्या, टाळू, घशाची कमान. मग जीभ: गॉझच्या तुकड्यात टोक धरून एका बाजूला ओढायची आणि मागची कड बघायची, मग दुसरी बाजू. जीभ वर करून तोंडाचा तळ बघायचा, एक बोट आत आणि एक हात हनुवटीखाली ठेवून चाचपायचे. शेवटी मानेच्या गाठी. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे. लाल किंवा पांढरा चट्टा, दोन आठवडे उलटूनही न भरलेला फोड, कारण नसताना हलू लागलेला दात, दात काढल्यावर भरून न येणारी जागा, यांतले काहीही दिसले की पुढचे पाऊल ठरलेले: तुकडा तपासायला घ्या किंवा पेशंटला योग्य ठिकाणी पाठवा. टोकदार दातामुळे जखम झाली असेल म्हणून दात घासून द्यायला हरकत नाही, पण दोन आठवड्यांनी त्याला परत बोलवायचे आणि जखम भरली का ते स्वतः बघायचे.

या साध्या बघण्याला भक्कम पुरावा आहे, आणि तो आपल्याच देशातला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. त्यांना जे जमले ते पाच वर्षे शिकलेल्या पदवीधराला जमायलाच हवे.

तोंडाच्या विकारांच्या अभ्यासात मुंबईचा तर मोठा वाटा आहे. सुपारी चघळणाऱ्यांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, गालाचे अस्तर पांढरे आणि ताठ पडते, तिखट सोसेनासे होते. या विकाराचे वर्णन भारतात पहिल्यांदा 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी केले. आज त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि तो कर्करोगाकडे नेऊ शकतो. डॉ. फली मेहता यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागातून मुंबईच्या पोलिसांच्या तोंडातले पांढरे चट्टे आणि त्यांच्या तंबाखूच्या सवयी यांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. ते निष्कर्ष 1972 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या विद्यार्थ्यांना ही नावे ठाऊक नसतात याचे मला वाईट वाटते. ज्या शहरात आपण शिकतो, तिथल्याच माणसांच्या तोंडांतून हे ज्ञान उभे राहिले आहे.

सवयींची माहितीही इथलीच हवी. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की गावाकडची मावशी ‘नाही बाबा’ म्हणते, आणि ते ती मनापासून म्हणते. ती दिवसातून तीनदा मिश्री लावते आणि तिच्या लेखी ते दात घासणे असते. विदर्भातला तरुण खर्रा सोडायला तयार नसतो, कारण दिवसभराच्या कामात त्याचा तोच सोबती. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे सुमारे एक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होता. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि साध्या सुपारीलाही जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने माणसासाठी कर्करोगकारक ठरवले आहे. म्हणून प्रश्न नाव घेऊन विचारायचा: मिश्री लावता का, चुना-तंबाखू कुठल्या गालात ठेवता, रात्री तशीच ठेवून झोपता का? यवतमाळ-चंद्रपूरकडच्या मुलाच्या दातांवर तपकिरी डाग दिसले तर ‘ब्रश करत नाहीस का’ असे दटावण्याआधी घरी प्यायला बोअरचे पाणी आहे का हे विचारायचे. फ्लोराइडचे डाग घासून जात नाहीत.

तोंडाच्या मागे अख्खे शरीर असते. तिसऱ्या वर्षीचे जनरल मेडिसिन पुष्कळ विद्यार्थी परीक्षेपुरते वाचतात, पण प्रॅक्टिसमध्ये सर्वांत आधी तेच लागते. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात दिसले. त्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजोबांना ‘चार दिवस गोळी बंद करून या’ असे परस्पर सांगणे जिवावर बेतू शकते; एखादा दात काढायचा असेल तर बहुतेक वेळा गोळी न थांबवता जागेवरच रक्तस्राव रोखता येतो. पेशंटला घेरी आली तर खुर्ची आडवी करून पाय वर घ्यायचे, हे सगळ्यांना येते. भुलेनंतर अंगावर गांधी उठून श्वास अडकू लागला, तर ॲड्रेनालिन मांडीच्या स्नायूत द्यायचे, हेही तितक्याच सहजपणे हातून व्हायला हवे. त्यासाठी ते इंजेक्शन दवाखान्यात असले पाहिजे आणि त्याची तारीख उलटलेली नसावी.

औषधाच्या चिठ्ठीबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. दाढेच्या ठणक्यावर अँटिबायोटिक देण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. दाताच्या आतली नस सुजली असेल तर अँटिबायोटिकने ठणका थांबत नाही. दाढ उघडून नस मोकळी करावी लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच सांगितले आहे. ताप असेल, सूज पसरत असेल, तर गोष्ट वेगळी. ‘डॉक्टर, गोळी लिहून द्या, रविवारी येतो’ म्हणणाऱ्याला गोडीने नाही म्हणता येणे, हे मी पदवीधराच्या कौशल्यांत अगदी वर धरते.

तसेच बोलण्याचे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि 2008 मध्ये संमती म्हणजे काय हेही स्पष्ट केले. छापील फॉर्मवर अंगठा घेऊन ती पूर्ण होत नाही. दाढ वाचवायला किती खर्च, काढली तर पुढे काय, काहीच केले नाही तर काय, हे पेशंटच्या बोलीत सांगावे लागते. सहा वर्षांच्या मुलाच्या आईला ‘ही मागची दाढ दुधाची नाही, ती आयुष्यभर राहणार आहे’ एवढे सांगितले तरी एक दाढ वाचते. एक्स-रेची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग, हँडपीस ऑटोक्लेव्ह करणे, ही कामे नियमाने व्हायचीच. त्यात मताचा प्रश्न नाही.

मग अडते कुठे? माझ्या मते कोट्यात. प्रत्येक विभागात अमुक दात काढा, तमुक रूट कॅनाल करा, इतक्या कवळ्या पूर्ण करा, पायरीपायरीला सही घ्या. आकडा भरला की परीक्षेला बसता येते. ओपीडीत पेशंट पुरेसे नसतील तर मुले काका, मावशी, मेसच्या काकू, रिक्षावाले दादा यांना गळ घालून आणतात, प्रसंगी त्यांचे पैसे स्वतः भरतात. अशा वेळी समोरच्या माणसाला कशाची गरज आहे हा प्रश्न मागे पडतो आणि आपल्याला कशाची सही हवी आहे हा पुढे येतो. विद्यार्थ्याने विचार करून ‘ही दाढ आज काढू नये’ असे ठरवले, तर त्याच्या खाती काहीच जमा होत नाही. वास्तविक त्या दिवशी तो सर्वांत जास्त शिकलेला असतो.

पदवीधराला काय यावे, हा प्रश्न जुना आणि जगभरचा आहे. 1926 मध्ये विल्यम गीझ यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिकेतल्या दंतशिक्षणाचा अहवाल लिहिला आणि दंतवैद्यक हे वैद्यकाच्या तोलामोलाचे, विद्यापीठात शिकवायचे शास्त्र असल्याचे ठासून मांडले. 2008 च्या अमेरिकी आराखड्यात नव्या दंतवैद्याच्या क्षमतांची सहा क्षेत्रे मांडली गेली. त्यांत पेशंटवरचे उपचार हे एक, बाकीच्या पाचांत चिकित्सक विचार, व्यावसायिक सचोटी, संवाद, आरोग्यसंवर्धन आणि व्यवस्थापन. आपल्याकडे 2023 च्या नॅशनल डेंटल कमिशन कायद्याने 1948 च्या दंतवैद्य कायद्याची जागा घ्यायचे ठरवले आणि त्यात देशभर एकच अंतिम परीक्षा घेण्याची तरतूद आहे. ती परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांपुरती उरली तर क्लासवाल्यांचे फावेल. तिथे खुर्चीत माणूस हवा आणि विद्यार्थ्याने त्याचे तोंड कसे तपासले, काय विचारले, काय न करायचे ठरवले, याला गुण हवेत.

इंटर्नशिपच्या बारा महिन्यांतले तीन महिने सार्वजनिक दंतआरोग्य आणि ग्रामीण सेवेसाठी राखलेले आहेत. अनेकांसाठी ते पीजीच्या अभ्यासाची सुट्टी ठरतात. हेच तीन महिने नीट वापरता येतील. गडचिरोली, चंद्रपूर, बीड, नंदुरबार, जिथे पोस्टिंग असेल तिथे इंटर्नने रोज येणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण तोंड तपासावे, तो दातासाठी आलेला असो वा आजीला घेऊन आलेला. संशयास्पद चट्ट्याची नोंद करावी, फोटो ठेवावा, पुढच्या रुग्णालयाचे नाव आणि जायचा दिवस लिहून द्यावा. कापणीचे दिवस आले, सोबत यायला कुणी नाही, दुखत तर काहीच नाही, अशा कारणांनी माणूस घरीच राहतो. म्हणून आठवड्याने त्याला फोन करावा. नोंदवहीत ‘पोहोचला का?’ असा एक रकाना असावा, आणि तो भरल्याशिवाय इंटर्नशिप पूर्ण झाल्याची सही मिळू नये.