पवनी : विमान दीड तासाचं, वाट अडीच हजार वर्षांची

स्पेनमधलं ग्रॅनडा पाहून आलेली मराठी मंडळी हल्ली सहज भेटतात. माद्रिदहून तासाभराचं विमान, उतरलं की शहरात नेणारी बस, हातात अल्हंब्रा राजवाड्याच्या वेळेचं तिकीट. तिथली सुलतानी १४९२ मध्ये संपली, पण तिच्या राजवाड्यांवर शहराचं आजही चांगलं चाललंय. मुंबईहून नागपूरचं विमानही दीड तासाचंच, आणि सोनेगावच्या विमानतळापासून भंडारा जिल्ह्यातली पवनी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. तरी 'पवनी पाहिली' असं सांगणारा मुंबई-पुण्याचा माणूस विरळाच.

वाट सोपी आहे. उमरेड, मग मिरचीचं भिवापूर, मग पवनीचा फाटा. पूर्वी नागपूर-नागभीड नॅरोगेजवर 'पवनी रोड' नावाचं स्टेशन होतं. रुंदीकरणासाठी ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून २०२२ पासून प्रवासी विमानं सुरू झाली खरी, पण पवनीसाठी नागपूरच सोयीचं.

गाव तीन बाजूंनी तटबंदी आणि खंदकाच्या आत, चौथ्या बाजूला वैनगंगा. आज दिसतो तो दगडी दरवाजा बराच नंतरचा. त्यालाच 'किल्ला' म्हणून फोटो काढून परतणाऱ्यांचं खरं पाहायचं राहून जातं. जुना आहे तो मातीचा तट. १९९४ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमरेंद्र नाथ यांनी इथे पुन्हा उत्खनन केलं. त्याआधी १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने मिळून खोदकाम केलं होतं, शां. भा. देव आणि जगतपती जोशी त्याचे प्रमुख. त्यांचा अहवाल १९७२ मध्ये आला.

इथली जगन्नाथ टेकडी ही टेकडी नसून बौद्ध स्तूप आहे, हे १९६९-७० च्या खोदकामात पक्कं झालं. व्यास सुमारे ३८ मीटर. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा ३६.६. भोवती प्रदक्षिणापथ, दगडी कठडा, त्यावर दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख. कुणी राजा नव्हे, साधी माणसं एकेक दगड देत होती. एका खांबावर बुद्धावर फणा धरून त्याला पावसापासून वाचवणारा मुचलिंद नाग कोरलाय. पाच फणा उभारलेल्या, खाली रिकामं आसन, आणि नागाचं नावही कोरलेलं. बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत अजून रुळायची होती, त्यामुळे पावसापासून ज्याला वाचवायचं तो दाखवलेलाच नाही, आसनावरून ओळखायचा. चांदकापूरच्या हरदोलाला टेकडीखालीही असाच स्तूप निघाला.

पवनीतच महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा लेख असलेला स्तंभ मिळाला, आणि भार वंशाच्या राजा भगदत्ताचा शिलालेखही. म्हणजे वैनगंगेकाठी पश्चिमेच्या शक क्षत्रपांपर्यंतचे धागे येऊन मिळत होते. पुढे गाव देवळांचं झालं, घाटांचं झालं. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी सर्वतोभद्र गणेश इथलाच. कोष्ट्यांच्या मागावरचं बारीक सुताचं, रेशीमकाठी लुगडं पंचक्रोशीबाहेर जायचं. त्या मागांची आजची अवस्था हा वेगळ्या लेखाचा विषय.

गंमत अशी की विमानाने लोक इकडे येतात, पण वाघासाठी. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात २०१३ च्या सुमारास नागझिऱ्याहून 'जय' आला, आणि लांबलांबचे कॅमेरे त्याच्यामागे. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तेव्हा देशभर बातम्या. अभयारण्याच्या नावात पवनी आहे, तिच्या बाजूनेही जंगलात शिरता येतं. जिप्सी निघते, गाइड मिळतो, वेळ ठरलेली असते. स्तूपापाशी यातलं काही नाही. अल्हंब्राचं गणितही नेमकं इथेच वेगळं पडतं. तिथे पाहण्यासारखं जास्त आहे म्हणून नव्हे; काय पाहायचं हे दाखवणारा माणूस तिथे उभा असतो. पवनीत तो उभा करायला धावपट्टी लागत नाही. गावातल्याच चार पोरांना ब्राह्मी ओळखायला शिकवलं आणि निघालेल्या खांबांच्या प्रतिकृती टेकडीवर मांडल्या, तरी पुष्कळ होईल.

तोवर जायचं तर दिवाळीनंतर, पहाटेचं विमान धरून. आधी जगन्नाथ टेकडी, ऊन चढायच्या आत. मग तटावरून पायी. वैजेश्वराचा घाट संध्याकाळी. सफारी दुसऱ्या दिवशी ठेवा, नाहीतर वाघच सगळा वेळ खातो.