पुन्हा बात्तंबांगच्या घरी

"अंगकोर पाहून झालं ना तुझं? मग आता पुन्हा कशाला?" सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. पण या खेपेला मी देवळं पाहायला निघालेच नव्हते. कंबोडियातल्या बात्तंबांग शहरी ज्या घरात तीन वर्षांपूर्वी महिनाभर मी नुसती हसत नि मान डोलवत बसले होते, तिथंच राहून ख्मेर भाषा शिकायची होती. त्यासाठी दीड महिन्याची बिनपगारी रजाही पदरात पाडून घेतली होती.

मराठी शिकवणाऱ्या बाईला ख्मेरचे पहिले आठ दिवस मोठे गोड जातात. भाषा म्हणजे 'फिआसा', नगर म्हणजे 'नोकोर', आणि शिकवणारा तो 'क्रू', म्हणजे आपला गुरूच की! लिपीही पल्लवांच्या लिपीची लेक. मग हळूहळू घाम फुटतो. व्यंजनं 33, पण ती दोन गटांत वाटलेली, आणि स्वराची खूण तीच असली तरी उच्चार गटागणिक निराळा. शब्दाशब्दांत जागा सोडायची चाल नाही. ओळ म्हणजे लांबलचक आगगाडी; डबे कुठं जोडलेत ते आपण ओळखायचं.

खरी शिकवणी मात्र स्वयंपाकघरात. तिथं संस्कृताचा काडीइतका उपयोग नाही. भेटल्याबरोबर वय विचारतात, कारण 'तुम्ही'च्या जागी नातंच घालायचं असतं आणि वय कळल्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही. यजमानीण माझ्याहून थोरली म्हणून ती 'बोंग'. तिची आई 'यीय', म्हणजे आजी. जेवणाचंही तसंच. पाहुण्याला 'पिसा' म्हणायचं, घरच्यांनी 'ञाम' म्हणायचं, राजाचं ते 'साओय' आणि भिक्षूंचं चक्क 'छान'! हे ऐकून मी हसले, तेव्हा छान म्हणजे काय ते मला त्यांना समजावून द्यावं लागलं.

1975 ते 1979 या काळात पोल पॉटच्या राजवटीनं ही सारी उतरंड मोडायला घेतली. आदराची संबोधनं बंद. सगळ्यांनी एकमेकांना 'मित' म्हणायचं. मित म्हणजे मित्र. ज्या संघटनेच्या नावानं माणसं बोलावून नेत, ती 'अंगका', लिहिताना 'अंगकार'. दोन्ही शब्द आपल्याच घराण्यातले. त्या पावणेचार वर्षांत 15 ते 20 लाख माणसं गेली. यीयच्या तोंडून हे दोन शब्द मी कधी ऐकले नाहीत.

मी मुद्दाम भाद्रपद गाठला होता. त्याला तिकडे 'फोत्रोबोत' म्हणतात, आणि वद्य पंधरवड्यात येतो 'प्चुम बेन'. 'बेन' म्हणजे पिंड. पहाटेच्या अंधारात विहारात जाऊन भुकेल्या पितरांसाठी भाताचे गोळे टाकतात. भिक्षू घराघरांतल्या मृतांची नावं वाचतात.

आदल्या रात्री बोंग यादी लिहीत होती आणि यीय नावं सांगत होती. पाच झाली. मग तिनं धाकट्या भावाचं नाव घेतलं आणि ती थांबली. "बात," ती म्हणाली.

हा शब्द मला ठाऊक होता. गावाच्या नावातच तो आहे: 'बात' म्हणजे हरवलेली, 'दांबांग' म्हणजे काठी. काठी घेतलेल्या राजाचा काळा पुतळा गावात आहे. पहिल्या खेपेला मी ती गोष्ट गंमत म्हणून वहीत टिपली होती. पण यीयचा भाऊ बात. तो गेला असं कुणी येऊन सांगितलं नव्हतं. मग मृतांच्या यादीत त्याचं नाव घालायचं कसं?

"तुमच्याकडे अशा माणसाचं काय करतात?" यीयनं मला विचारलं. तीन वर्षांपूर्वी हा प्रश्नच मला कळला नसता. जमेल तशा ख्मेरमध्ये मी सांगितलं: ज्याचा दिवस ठाऊक नाही, त्याचं आम्ही शेवटच्या अमावास्येला करतो.

यीय बराच वेळ गप्प होती. पहाटे निघालो तेव्हा तिच्या ताटात भाताचा एक गोळा जास्त होता. यादीत नाव मात्र तिनं लिहू दिलं नाही.