परातीत कळणारा भोपळा

भोपळा कसा निघाला हे घारगे करणारीला कढई तापायच्या आधीच कळतं. कीस गुळात शिजवला की काही भोपळ्यांना इतकं पाणी सुटतं की कणीक घालता घालता हात दुखतो. घारगे होतात, पण कणकेचे. कोरडा, पिठूळ भोपळा थोडक्या कणकेत गोळा धरतो आणि त्याचा वास शेवटपर्यंत टिकतो.

या कोरडेपणाला शास्त्रज्ञ ‘शुष्क द्रव्य’ म्हणतात. पाणी उडून गेल्यावर गराचं जे उरतं ते. यात बहुतेक स्टार्च असतं आणि पुढे त्याचीच साखर होते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या ब्रेंट लॉय यांनी भोपळ्याच्या चवीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: आकार आणि रंग फार लवकर पूर्ण होतात, आत भरणं मात्र चालूच असतं. फळ धरल्यापासून साधारण ५० ते ५५ दिवस ते वेलीवर राहायला हवं. आपण रंग बघून घाई करतो.

जातीने फरक पडतोच. लाल भोपळा (कुठे डांगर, कुठे काशीफळ, विदर्भात कोहळं) ही एकच वनस्पती नव्हे. देठ बघा. कडक, पाच धारांचा आणि फळाशी पसरलेला असेल तर ती मोशाटा प्रजाती. गोल, मऊसर, बुचासारखा असेल तर मॅक्झिमा. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे दोन्हींतले वाण आहेत. ‘अर्का चंदन’ मोशाटातला, दोन-तीन किलोंचा, गोड वासाचा. ‘अर्का सूर्यमुखी’ मॅक्झिमातला, जेमतेम किलोभराचा. चौघांच्या घराला मला हाच पटतो. अर्धा भोपळा फ्रीजमध्ये बुरसत पडत नाही. बटरनट भोपळाही मोशाटाच. न्यूयॉर्क राज्यातले शेफ डॅन बार्बर यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल मझुरेक यांना बटरनट लहान आणि चवदार करायला सांगितलं, त्यातून ‘हनीनट’ आला. त्याची हिरवी साल पिकल्यावर नारिंगी होते, त्यामुळे कधी तोडायचं हे फळच सांगतं.

वाण कितीही चांगला असला तरी पानांवर भुरी पडून ती वाळली तर फळाला साखर पुरवणार कोण? त्यामुळे वेलीला हवा खेळती ठेवा आणि एका वेलीवर दोन-तीनच फळं राखा. सकाळी मादी फुलावर (पाकळ्यांखाली इवलासा भोपळा असतो ती) नर फूल फिरवा. उरलेल्या नर फुलांची भजी करा.

तोडताना देठ ठेवून तोडा आणि फळ कोरड्या जागी महिनाभर तसंच राहू द्या. आतली विकरं स्टार्चची साखर करत राहतात. आजी भोपळा माळ्यावर टाकायची, तेव्हा आम्हाला वाटायचं की ती विसरली.