हातोडा, खिळा आणि चर्चचे दार

सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेची गोष्ट शाळेच्या पुस्तकात पान-दीड पानात उरकते. तेवढ्या जागेत ठळक चित्रेच मावतात. गेल्या साठेक वर्षांत इतिहासकारांनी जुनी पत्रे, विद्यापीठांचे नियम आणि गावोगावच्या हिशेबवह्या पुन्हा तपासल्या. त्यापुढे यातली काही चित्रे टिकत नाहीत. खाली आधी असा एकेक रूढ समज आणि लगेच त्याची तपासणी आहे.

मार्टिन ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर ९५ मुद्दे ठोकून बंड पुकारले.

त्या दिवसाचा पक्का पुरावा आहे तो एका पत्राचा. ल्यूथरने माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याला पापमुक्तिपत्रांच्या विक्रीबद्दल लिहिले. सूर तक्रारीचा आहे, पण भाषा अदबीची. दाराची गोष्ट प्रसिद्ध केली ती त्याचा सहकारी मेलांक्थॉन याने, १५४६ मध्ये, ल्यूथरच्या मृत्यूनंतर. आणि मेलांक्थॉन विटेनबर्गला आला तोच मुळी १५१८ मध्ये. ल्यूथरने स्वतः या प्रसंगाचा कधी उल्लेख केलेला नाही. याकडे १९६१ मध्ये एर्विन इझरलोह यांनी लक्ष वेधले तेव्हा मोठा वाद झाला. पुढे २००६ मध्ये ल्यूथरचा लेखनिक र्‍योरर याची एक टीप उजेडात आली. तीत मुद्दे शहरातल्या चर्चांच्या दारांवर लावल्याचे म्हटले आहे. पण र्‍योररही प्रत्यक्ष साक्षीदार नव्हता. तेव्हा कागद लागला असेलही. मात्र विद्वत्सभेचे विषय चर्चच्या दारावर लावावेत असा विद्यापीठाचा नियमच होता. मजकूर लॅटिनमध्ये, वाचक पंडित. दार म्हणजे तेव्हाचा सूचनाफलक. गोष्ट खरी वाटते ती यामुळेच: तिच्यात अशक्य असे काही नाही, फक्त हातोड्याचा आवाज नंतर वाढवला गेला. आज तिथे दिसणारे, मुद्दे कोरलेले ब्राँझचे दार १८५८ मधले आहे. जुने लाकडी दार १७६० मध्ये युद्धात जळाले. खिळ्याची खूण शोधायला जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

ल्यूथरपूर्वी सामान्यांच्या भाषेत बायबल नव्हते.

पहिले छापील जर्मन बायबल १४६६ मध्ये स्ट्रासबर्गला निघाले. ल्यूथरचा नवा करार आला १५२२ मध्ये; तोवर संपूर्ण जर्मन बायबलच्या १८ आवृत्त्या छापून झाल्या होत्या. त्या लॅटिनवरून केलेल्या आणि बोजड होत्या. ल्यूथरने ग्रीकवरून, बोलत्या जर्मनमध्ये भाषांतर केले. त्याचे मोठेपण त्या भाषेत आहे, पहिलेपणात नाही. इंग्लंडमध्ये मात्र परवानगीशिवाय भाषांतर करायला खरोखरच बंदी होती. आपल्याकडे युरोपचा इतिहास इंग्रजी पुस्तकांतून आला, तेव्हा इंग्लंडची स्थिती सगळ्या युरोपाची समजली गेली.

इंग्लंडमध्ये लोक जुन्या धर्माला कंटाळले होते. सुधारणा त्यांनाच हवी होती.

जेत्यांनी लिहिलेल्या इतिहासात असेच दिसणार. शिवाय चर्चमधला भ्रष्टाचार खोटा नव्हता. या समजाला मोठा धक्का दिला इमन डफी यांच्या १९९२ मधील ‘द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स’ या ग्रंथाने. त्यांचे त्याहून बोलके पुस्तक आहे ते मोरबाथ या डेव्हनमधल्या चिमुकल्या गावावरचे. तिथल्या चर्चच्या हिशेबवह्या धर्मगुरू ख्रिस्टोफर ट्रिके याने पन्नासएक वर्षे सांभाळल्या. अंत्यविधीच्या काळ्या वस्त्रांसाठी त्याने वीसेक वर्षे पै-पै जमवली. वस्त्रे आली आणि थोड्याच काळात नव्या राजवटीने असले विधीच मोडीत काढले. १५४९ मध्ये गावाने पाच तरुणांना खर्चाला पैसे देऊन पाठवले. ते धर्मातल्या बदलांविरुद्ध उठलेल्या बंडखोरांच्या छावणीत गेले, असे डफी नोंदींवरून दाखवतात. काही वस्तू लोकांनी घरात दडवल्या आणि कॅथलिक मेरी राणीच्या काळात परत आणून दिल्या. डफी सुधारकांच्या बाजूला पुरेसे माप देत नाहीत, हा आक्षेप योग्य आहे; लंडनमध्ये नव्या मताचे खरे चाहते होते. पण कंटाळलेले गाव वीस वर्षे वर्गणी काढत नाही.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री प्रोटेस्टंट झाला.

त्याने पोपची सत्ता झुगारली, कॅथलिक उपासनाविधी (मिस्सा) नाही. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये एकाच दिवशी तीन प्रोटेस्टंटांना पाखंडी म्हणून जाळले आणि तीन कॅथलिकांना राजद्रोही म्हणून फाशी दिले.

आणि आपल्याकडचा एक समज: ‘ख्रिस्तपुराण’ हे बायबलचे पहिले मराठी भाषांतर.

विषय बायबलचाच, म्हणून ही गफलत होते. कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट, म्हणजे कॅथलिक. त्याच्या देशात त्याच्या पंथाच्या धर्मगुरूंना जागा उरली नव्हती. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला. १६१६ मध्ये रायतूरला छापलेला त्याचा ग्रंथ म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांत, पुराणाच्या वळणाने केलेले स्वतंत्र कथन आहे. देवनागरीचे खिळे नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला. छापील मराठी नवा करार आला तो १८११ मध्ये, बंगालमधल्या सेरामपूरहून, प्रोटेस्टंट मिशनरी विल्यम कॅरी याच्या छापखान्यातून.