हरत हरत जिंकलेला सेनापती

लढाई जिंकणारा विजयी आणि हरणारा पराभूत, असा सरळ हिशेब आपण शाळेपासून मांडत आलो आहोत. इतिहासाच्या खतावणीत मात्र तो नेहमीच जुळतो असे नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील नॅथनेल ग्रीन याचेच पाहा. दक्षिणेच्या मोहिमेत त्याने स्वतः दिलेल्या मोठ्या लढायांपैकी एकही निर्विवादपणे त्याच्या पदरी पडली नाही. आणि तरीही मोहिमेच्या अखेरीस जवळजवळ सारा मुलूख शत्रूच्या हातून सुटला होता.

ग्रीनचा जन्म १७४२ साली ऱ्होड आयलंड वसाहतीत, शस्त्र धरणे निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या घरात झाला. वडिलांची लोखंडाची भट्टी होती. तेथे जहाजांचे नांगर घडत. हा मुलगा पायाने किंचित लंगडा, दम्याने बेजार. युद्धशास्त्र शिकला तो पुस्तके वाचून. १७७८ पासून दोन वर्षे जॉर्ज वॉशिंग्टनने त्याच्यावर सैन्याच्या रसदीचा भार टाकला. गाड्या, बैल, पीठ, जोडे यांचा हिशेब ठेवण्याचे हे काम कीर्तीचे नव्हते आणि ग्रीनलाही ते मनापासून आवडत नव्हते. परंतु पुढे हेच काम त्याचे खरे शस्त्र ठरले.

१७८० साली दक्षिणेत अमेरिकनांची दैना उडाली होती. मे महिन्यात चार्ल्सटन पडले व सुमारे ५,००० सैनिक इंग्रजांच्या हाती लागले. ऑगस्टमध्ये कॅम्डेन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसने जनरल गेट्सच्या सेनेची धूळधाण केली. गेट्स स्वतः घोडा फेकीत निघाला तो सुमारे १८० मैलांवरील हिल्सबरो गाठूनच थांबला. डिसेंबरमध्ये शार्लट येथे ग्रीनने सूत्रे हाती घेतली, तेव्हा कागदावर दोन हजारांवर असलेल्या सैन्यापैकी धड कपडे व हत्यारे असलेले शिपाई जेमतेम ८०० होते.

अशा सेनापतीने आधी लढाईचा नकाशा मागवावा. ग्रीनने नद्यांची पाहणी करविली. कटाबा, यादकिन आणि डॅन या नद्यांना उतार कोठे आहेत आणि नावा किती मिळतील, याची माहिती त्याने गोळा केली. मग त्याने आपले तुटपुंजे सैन्य दोन ठिकाणी विभागले. हा निर्णय युद्धशास्त्राच्या विरुद्ध दिसत होता. पण एका जागी सगळ्यांना पोसण्याइतके अन्नच नव्हते! पश्चिमेकडे धाडलेल्या तुकडीचा नायक डॅनियल मॉर्गन हा पूर्वाश्रमीचा गाडीवान. १७ जानेवारी १७८१ रोजी काउपेन्सच्या कुरणात त्याने टार्लटनच्या फौजेचा फडशा पाडला.

कॉर्नवॉलिस संतापला. मॉर्गनला गाठण्यासाठी हलके व्हावे, म्हणून त्याने रॅमसोर्स मिल येथे स्वतःच्या सैन्याचे तंबू, गाड्या, अगदी दारूचे बुधलेही आगीत घातले. आधी स्वतःचे सामान जाळले, असे तो आपल्या शिपायांना दाखवीत होता. ग्रीन मागे सरत राहिला. प्रत्येक नदीवर त्याचे सैन्य पार होई आणि शत्रू अलीकडच्या तीरावर अडून राही. १४ फेब्रुवारीला त्याने डॅन ओलांडली, तेव्हा सगळ्या नावा पैलतीरी होत्या.

महिनाभरात नवी कुमक घेऊन तो परतला. १५ मार्चला गिलफर्ड येथे गाठ पडली. ग्रीनने वेळेवर मैदान सोडले आणि विजय कॉर्नवॉलिसच्या नावे लिहिला गेला. पण त्याच्या सुमारे १,९०० शिपायांपैकी ५०० हून अधिक मेले वा घायाळ झाले. त्या रात्री पाऊस कोसळला. तंबू तर त्यांनीच जाळले होते. जखमींनी उघड्यावर प्राण सोडले. विजेता समुद्रकिनाऱ्याकडे अन्नाच्या शोधात निघाला, तेथून व्हर्जिनियात गेला आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टन आणि फ्रेंचांपुढे त्याच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली.

इकडे ग्रीन दक्षिणेस वळला. हॉबकर्क्स हिलवर लॉर्ड रॉडनने त्याला हरविले. पण पंधरा दिवसांत रॉडनलाच कॅम्डेन सोडावे लागले. नाइन्टी-सिक्सचा वेढा फसला. पुढे इंग्रजांनी तेही ठाणे सोडले. मॅरियन, सम्टर, पिकेन्स यांची स्थानिक पथके रसदीच्या वाटा तोडीत होती. १७८२ च्या डिसेंबरात चार्ल्सटनही रिकामे झाले.

ग्रीनचे हे दोन्ही प्रतिस्पर्धी पुढे हिंदुस्थानात आले. कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल झाला. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणाजवळ त्याने टिपूशी लढाई जिंकली, आणि पुन्हा तोच प्रसंग ओढवला. बैल मेले, धान्य संपले, वेढ्याच्या तोफा स्वतःच नष्ट करून माघार घ्यावी लागली. त्या वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या सेना येऊन मिळाल्या. मराठ्यांच्या बाजारात भाव चढे होते, पण धान्य होते. उपाशी इंग्रजी फौज त्यावर तगली. पुढच्या स्वारीत कॉर्नवॉलिसने वणजाऱ्यांच्या तांड्यांवर धान्याची सोय केली, आणि १७९२ साली टिपूला तह करणे भाग पडले. दुसरा, रॉडन, अर्ल ऑफ मोइरा म्हणून आला आणि पुढे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १८१८ साली, पेशवाई बुडाली.

ग्रीनच्या वाट्याला काय आले? शिपायांना कपडे मिळावेत म्हणून तो एका ठेकेदाराला स्वतः जामीन राहिला होता. ते कर्ज त्याच्या बोकांडी बसले. जॉर्जिया राज्याने दिलेल्या मळ्यावर त्याने संसार मांडला. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या क्वेकरपुत्राच्या शेतात गुलाम राबत होते, हेही विसरता येत नाही. जून १७८६ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, उन्हाचा तडाखा बसून तो वारला. पुढच्या तीन महिन्यांत कॉर्नवॉलिस कलकत्त्याला उतरला.

रणांगणावरचा पराक्रम पोवाड्यांत जातो. पीठ, नावा आणि जोडे यांचा हिशेब कोणी गात नाही. घर चालविणाऱ्या माणसाला मात्र या सेनापतीचे मोल सहज उमगेल. घासून-पुसून का होईना, कोठी रिकामी होऊ द्यायची नाही, एवढेच त्याने साधले. त्यातूनच एक राष्ट्र तगले.