एक बटण, अनेक कामे

बँकेचे एटीएम यंत्र तुम्ही पाहिले असेलच. अनेक यंत्रांत पडद्याच्या दोन्ही बाजूंना बटणांच्या रांगा असतात, पण त्या बटणांवर काहीच लिहिलेले नसते! सुरुवातीला जे बटण दाबून आपण 'मराठी' भाषा निवडतो, तेच बटण नंतर 'बचत खाते' सांगते आणि आणखी पुढे 'होय'. एकच बटण इतकी निरनिराळी कामे कसे करते?

घरातील दिव्याचे बटण दाबले, की विजेचे मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. त्या बटणाचे काम तारांनीच कायमचे ठरवून टाकलेले असते. इलेक्ट्रॉनिक यंत्रात तसे नसते. तेथे बटणांखाली आडव्या व उभ्या तारांची जाळी असते. समजा, ५ आडव्या आणि ८ उभ्या तारा आहेत. त्या ४० ठिकाणी एकमेकींना ओलांडतात. म्हणजे ४० बटणांसाठी अवघ्या १३ तारा पुरतात. यंत्रातील प्रोसेसर एकेका आडव्या तारेला क्रमाने विद्युत्दाब देतो आणि तो कोणत्या उभ्या तारेवर पोचला हे तपासतो. त्यावरून त्याला दाबलेल्या बटणाचा क्रमांक समजतो. अर्थ मात्र समजत नाही. अर्थ स्मृतीतील तक्त्यात असतो, आणि यंत्राची अवस्था बदलली की तक्ताही बदलतो.

याचा पडताळा तुम्हीच घ्या. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ३० चा 'साइन' काढा. यंत्र 'डिग्री' अवस्थेत असेल तर उत्तर ०.५ येईल, 'रेडियन' अवस्थेत असेल तर उणे ०.९८८ येईल. यंत्राचे दोन्ही वेळा बरोबरच आहे! म्हणून परीक्षेत आधी अवस्था पाहावी, मगच बटण दाबावे.

या युक्तीचा मोठा लाभ आपल्या भाषांना झाला. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे बरेच काम पुण्यातील सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत झाले. १९९१ च्या भारतीय मानकात 'इनस्क्रिप्ट' कळफलकाचा समावेश झाला. त्यात इंग्रजी 'के'चे बटण देवनागरीत 'क' देते, 'शिफ्ट'सह 'ख'. लिपी गुजराती किंवा बंगाली निवडली, की तेच बटण त्या लिपीतील 'क' उमटवते. आपल्या बहुतेक लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाची असल्याने हे साधले.

पण ज्यांना पडदा दिसत नाही त्यांचे काय? अंकांच्या बटणांत ५ वर बहुधा लहानसा उंचवटा असतो, त्यावरून बोटांना बाकीचे अंक सापडतात. अर्थ बदलणाऱ्या बटणावर मात्र ब्रेलमध्ये काय कोरणार? तेथे आवाजाचीच मदत हवी. म्हणूनच १ जुलै २०१४ पासून बसवल्या जाणाऱ्या सर्व नव्या एटीएम यंत्रांत बोलून सूचना देण्याची सोय आणि ब्रेल कळफलक असावा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले.

आता घरातील यंत्रे तपासा. अर्थ बदलणारी बटणे किती आहेत? डोळे मिटून त्यांतील किती वापरता येतात?