दोन भोकं, चार वाटा

मोटारशर्यतींवरची पुस्तकं लोक चित्रांसाठी उघडतात. मी आधी मागची परिशिष्टं वाचतो, जिथे बारीक टायपात नियम छापलेले असतात. हे वेड जुनं आहे आणि घरात त्याची पुरेशी थट्टा होऊन गेली आहे. पण 'अमुक ठिकाणी धातूची पट्टी बसवता येणार नाही' असलं एखादं विचित्र कलम दिसलं की मला राहवत नाही. कारण ते कलम हवेतून पडलेलं नसतं. कुणीतरी ती पट्टी बसवलेली असते, बसवून बाकीच्यांना धूळ चारलेली असते.

फॉर्म्युला वनमधली अशी भांडणं वकिलांच्या ताब्यात गेली, त्यामुळे ती वाचायला रुक्ष झाली. मजा आहे ती हौशी क्लबांत. तिथे बक्षिसाचा कप टिनपाट असतो, गाडी स्वतःच्या पडवीत बांधलेली असते आणि नियम करणारा माणूस त्याच शर्यतीत तुमच्या मागे धावत असतो. लंडनच्या ७५० मोटर क्लबाचा १९५१ सालचा किस्सा माझ्या मते या जातीचा सर्वोत्तम नमुना.

हा क्लब १९३९ मध्ये 'मोटर स्पोर्ट' मासिकाचे संपादक बिल बॉडी यांच्या पुढाकाराने निघाला, तो ऑस्टिन सेव्हनसाठी. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ती 'बेबी ऑस्टिन' म्हणून आठवत असेल. हर्बर्ट ऑस्टिनने आपल्या घरातल्या बिलियर्डच्या टेबलावर, स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला हाताशी धरून तिचे आराखडे काढले आणि १९२२ मध्ये ती बाजारात आणली. १९३९ पर्यंत सुमारे २,९०,००० गाड्या बनल्या. इतक्या बनल्या म्हणजे तितक्याच भंगारातही येणार. युद्ध संपल्यावर इंग्लंडात पेट्रोलचं रेशनिंग १९५० च्या मे महिन्यापर्यंत चाललं, नव्या गाड्या परदेशी निर्यात होत होत्या, आणि हौशी माणसाच्या हाती लागण्यासारखं यंत्र एकच होतं : मोडकी ऑस्टिन.

क्लबाने ही गरिबीच नियमात बांधली. ७५० फॉर्म्युला नावाचा वर्ग काढला. इंजिन ऑस्टिन सेव्हनचंच, ७४७ घनसेंटिमीटर. चासीही ऑस्टिनचीच. सुपरचार्जर लावायचा नाही. गाडी दोन माणसं बसतील अशी हवी. वर काय करायचं ते करा.

या क्लबाचा कणा म्हणजे हॉलंड बर्केट. पेशाने जनावरांचे डॉक्टर. सिल्व्हरस्टोनला १९५१ पासून सहा तासांची रिले शर्यत सुरू झाली. तिच्यात एका संघाच्या गाड्या आलटून पालटून धावत आणि एक चालक दुसऱ्याला खांद्यावरचा पट्टा देई. पुढे तिला बर्केट यांचंच नाव मिळालं आणि ते अजून टिकून आहे. ते स्वतः १९६३ मध्ये पत्नीसह विमान अपघातात गेले. त्यांच्यावर एखादं स्वतंत्र पुस्तक का निघू नये, हे मला कळत नाही. विजेत्यांची चरित्रं ढिगाने निघतात, पण रविवारी भिजत उभं राहून इतरांना शर्यत खेळू देणारी माणसं शोधावी लागतात.

सुरुवातीच्या वर्षांत या वर्गात ज्या गाड्यांचा दबदबा होता त्यातली एक जॅक फ्रेंच यांची. गाडीचं नाव 'सिम्प्लिसिटी'. नावाप्रमाणेच तिच्यात चमत्कार काही नव्हता. होतं ते ऑस्टिनचेच भाग काळजीपूर्वक, जीव ओतून जुळवण्याचं कसब. क्लबाला आपला सदस्य जसा हवा होता, तसे फ्रेंच होते.

आणि मग आला कॉलिन चॅपमन.

तेव्हा तो तेवीस वर्षांचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला, विमान चालवायला शिकलेला आणि शिकता शिकता जुन्या मोटारींची दलाली केलेला. या तिन्ही विद्या त्याच्या गाड्यांत दिसतात. तिसरी जरा जास्तच. मायकेल आणि नायजेल ॲलन या भावांच्या सोबतीने त्याने आपली तिसरी गाडी बांधली, लोटस मार्क थ्री. ती ७५० फॉर्म्युलासाठीच होती.

आता जरा इंजिनात डोकवावं लागेल. ऑस्टिन सेव्हनला सिलिंडर चार, पण मिश्रण आत घेणारी भोकं, म्हणजे इनलेट पोर्ट, दोनच. एका भोकावर पहिला आणि दुसरा सिलिंडर, दुसऱ्यावर तिसरा आणि चौथा. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. म्हणजे दोन नंबरने ओढून घेतलं की लगेच त्याच भोकातून एक नंबर ओढणार, मग तीन, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्याच भोकातून चार. शेजारी-शेजारी दोघं एकाच नळावर एकामागोमाग हंडे लावतात आणि पहिल्याचा हंडा भरत आलेला असताना दुसरा आपला पुढे सरकवतो, तसा हा प्रकार. कुणाला पोटभर मिळतं, कुणाला नाही. फिरकीचा वेग वाढला की ही ओढाताण आणखी वाढते. सगळ्यांच्या ऑस्टिनला हा रोग होता आणि सगळे तो धरून चालले होते.

चॅपमनने नियमावली वाचली. इंजिन ऑस्टिनचं हवं, असं ती म्हणत होती. भोकाच्या आत काय असावं किंवा नसावं, याबद्दल अक्षर नव्हतं. त्याने प्रत्येक पोर्टच्या आत धातूचा पातळ पडदा बसवला आणि तो पडदा पुढे मॅनिफोल्डमध्ये नेऊन चार सिलिंडरांना चार वेगळ्या वाटा करून दिल्या. बाहेरून पाहिलं तर ब्लॉक तोच. आतून मात्र इंजिनाचा जन्मजात दोष गेला होता. १९५१ च्या मोसमात ७५० च्या शर्यतींत त्याच्या वाऱ्याला उभं राहणं इतरांना अवघड होऊन बसलं.

क्लबाने ही युक्ती बंद केली. नियमावलीत एका ओळीची भर पडली : पोर्ट विभागता येणार नाहीत.

चॅपमनच्या चरित्रकारांना हा प्रसंग फार प्रिय आहे. प्रतिभावंत पुढे, मत्सरी समिती मागे, अशी ती गोष्ट सांगितली जाते. मला ती पटत नाही. वरवर पाहता पत्र्याचा तुकडा फुकटच. गरिबांच्या वर्गात फुकटच्या युक्तीला बंदी कशाला? पण त्या तुकड्याने मिळालेली ताकद शेवटी जाते कुठे? क्रँकशाफ्टवर. आणि ऑस्टिन सेव्हनच्या क्रँकला १९३६ पर्यंत फक्त दोन टोकांना आधार होता, मधे काही नाही. वेगात तो दोरीउडीच्या दोरीसारखा वाकतो, असं मेकॅनिक सांगतात. अर्ध्या मैदानाने पडदे बसवले असते तर अर्ध्या मैदानाचे क्रँक गेले असते, मग खास घडवलेले क्रँक आले असते आणि तिथून पुढे खिसा बघून निकाल लागायला लागला असता. सगळ्यांना सारखाच असलेला तो दोष हाच त्या वर्गाचा पाया होता. बर्केट आणि मंडळींना हे बरोबर उमगलं होतं, असं माझं मत आहे.

चॅपमनचंही काही बिघडलं नाही. १ जानेवारी १९५२ पासून लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. भांडवलात हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीचे, पुढे पत्नीचे, २५ पौंड होते. जागा म्हणजे वडिलांच्या हॉटेलामागचा हॉर्न्सी इथला तबेला. मार्क सिक्स ही गाडी तो सुट्या भागांत विकू लागला, कारण खरेदीकर तयार गाडीवर होता, सुट्या भागांवर नव्हता. पुन्हा तीच नजर : कलमात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहिलंय. क्लबाने १९५३ पासून फोर्डच्या ११७२ घनसेंटिमीटर इंजिनासाठी दुसरा स्वस्त वर्ग काढला, तेव्हा मार्क सिक्सला मोकळं रान मिळालं. याच वर्गातून लोला कंपनीचा एरिक ब्रॉडली वर आला. ७५० च्या वर्गाने जेम मार्श दिला, मेजर आर्थर मॅलॉक दिला, टोनी साउथगेट दिला.

चॅपमनची खोड मात्र गेली नाही. १९८१ मध्ये फॉर्म्युला वनसाठी त्याने लोटस ८८ आणली : एका चासीत दुसरी चासी. हवेच्या दाबाचे भाग गाडीच्या स्प्रिंगवर पेललेल्या अंगाला घट्ट जोडलेले असावेत, असा नियम होता. चॅपमनचं म्हणणं, बाहेरची चासी हेच ते अंग. लाँग बीचला सरावानंतर तिला बाहेर काढलं आणि ती एकही शर्यत धावू शकली नाही. तिथे मी चॅपमनच्या बाजूने आहे. अब्जाधीशांच्या खेळात गरिबीचं रक्षण करण्याचा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेतल्या क्लबाने वेगळीच वाट धरली. १९४४ मध्ये निघालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेत तयार स्पोर्ट्स गाड्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग पडले. आधी इंजिनाच्या आकाराने, नंतर गाडी किती पळू शकेल याच्या अंदाजाने. म्हणजे समितीने ठरवायचं, तुमची गाडी 'बी'मध्ये की 'सी'मध्ये. एखादी गाडी फार जिंकू लागली की वर ढकलायची, हरू लागली की खाली आणायची. कागदावर न्याय्य, पण अशा पद्धतीत गाडी बांधण्याइतकंच अर्ज लिहिण्याचं कौशल्य लागतं. शिवाय वर्ग हौशी म्हणवले तरी कारखाने आत शिरलेच. १९७० आणि १९७१ मध्ये जॉन मॉर्टनने सी प्रॉडक्शनचं राष्ट्रीय विजेतेपद डॅटसन २४० झेडवर मिळवलं, मागे पीट ब्रॉकचा संघ आणि त्यामागे डॅटसनचं पाठबळ. १९७६ मध्ये डी प्रॉडक्शनमध्ये ट्रायम्फ टीआर ६ घेऊन जिंकणारा हौशी चालक होता पॉल न्यूमन, तोच, सिनेमातला.

अमेरिकन कलमचोरांत माझा आवडता रॉजर पेन्स्की. वॉटकिन्स ग्लेनला १९६१ मध्ये मोडलेली फॉर्म्युला वनची कूपर त्याने घेतली, तिच्यावर रुंद अंग चढवलं आणि तिला स्पोर्ट्स कार म्हणवलं. चालक मधोमध. दोन आसनं हवीत असा नियम, म्हणून बाजूला पत्र्याखाली एक नावापुरतं आसन, ज्यात माणूस बसणं मुश्कीलच. झेरेक्स स्पेशल या नावाने तिने १९६२ च्या ऑक्टोबरात रिव्हरसाइड आणि लगुना सेका जिंकल्या. ओरड झाली, दोन्ही आसनं खरी आणि सारखी हवीत असा दंडक आला आणि गाडी कापून पुन्हा बांधावी लागली. १९६४ मध्ये ती ब्रूस मॅक्लारेनने घेतली.

ओरड करणाऱ्यांचं बरोबर होतं. पण त्या आसनाचा फोटो पाहून मला दर वेळी हसू येतं.

इकडे लंडनच्या क्लबासमोरचा खरा पेच चॅपमन तो वर्ग सोडून गेल्यावर आला. भंगार संपलं. साठच्या दशकात चांगला ऑस्टिन ब्लॉक शोधणं हेच महाग काम झालं, आणि स्वस्ताईसाठी केलेला नियम स्वस्ताईच्या मुळावर उठला. क्लबाने रिलायंट कंपनीचं इंजिन स्वीकारलं. या निवडीत एक गंमत आहे. ऑस्टिनने १९३९ मध्ये सेव्हनचं उत्पादन थांबवलं तेव्हा तेच ७४७ चं इंजिन पुढे आपल्या तीनचाकी गाड्यांसाठी बनवत राहिली ती रिलायंटच. १९६२ मध्ये तिने ते सोडून ॲल्युमिनियमचं नवं काढलं, आणि ७५० वाल्यांनी त्याच्यामागे जायचं ठरवलं. कालांतराने रिलायंटही संपली. आज ७५० फॉर्म्युलाच्या गाड्या फियाटच्या ११०८ घनसेंटिमीटर इंजिनावर धावतात आणि वर्गाच्या नावातला आकडा त्यांच्यातल्या एकाही इंजिनाला लागू पडत नाही. ऑस्टिनवाल्यांसाठी 'हिस्टॉरिक ७५०' असा निराळा वर्ग आहे. तिथल्या गाड्यांची दुरुस्ती आता भंगारवाल्याच्या आवाक्यातली राहिलेली नाही.